गळ, मासा आणि स्मरणरंजन

काही वर्षांपूर्वी एका रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात, कुलुपे, अडकित्ते आणि बंद पडलेली घड्याळे यांच्या राशीत मासे गरवण्याची एक जुनी पितळी चरखी दिसली. कडेवरची इंग्रजी अक्षरे झिजून गेली होती. शेजारी पत्र्याच्या डबीत चमच्याच्या आकाराची दोनतीन धातूची आमिषे होती. त्यांचे तिहेरी गळ गंजून एकमेकांत अडकले होते. ती वस्तू कशाची हे विक्रेत्याला ठाऊक नव्हते. "शोपीस आहे साहेब, काचेच्या कपाटात छान दिसेल," एवढेच त्याने सांगितले. माझ्याशेजारी उभ्या असलेल्या गृहस्थांना मात्र ठाऊक होते. त्यांनी चरखी फिरवून पाहिली, तिचा किरकिर आवाज कान देऊन ऐकला आणि म्हणाले, "असं काम आता होत नाही." आपण कुठे गरवता, असे मी विचारले. "छे हो! आम्ही कसले मासे धरतोय? भिंतीवर लावायला हवी होती."

या संभाषणात हसण्यासारखे काही नाही. जुन्या साधनांचे आकर्षण खरे असते आणि त्याला कारणेही असतात. कार्बन तंतूंच्या आजच्या काठ्या येण्यापूर्वी उत्तम काठी वेळूच्या सहा पट्ट्या तासून, त्या एकमेकींना चिकटवून केली जाई. एकोणिसाव्या शतकात या कामासाठी जो वेळू पाश्चात्त्य कारागीर वापरत, त्याला ते 'कलकत्ता केन' म्हणत. म्हणजे काठीचा कच्चा माल हिंदुस्थानातून जाई आणि साहेबाच्या सामानातून काठी होऊन परत येई. दोरा रेशमाचा असे आणि तो प्रत्येक वेळी वाळवून ठेवावा लागे, नाहीतर कुजे. गळाजवळचा पारदर्शक धागा रेशमाच्या किड्याच्या ग्रंथीपासून ओढून काढलेला असे. गळ रेडिचचे, चरखी ॲनिकच्या हार्डी बंधूंची. १९३८ नंतर नायलॉन आले आणि हे सारे हळूहळू कपाटात गेले. ज्या वस्तूची निगा राखावी लागते, तिच्याशी माणसाचे नाते जडते. त्या गृहस्थांना चरखीच्या आवाजात जे ऐकू आले, ते हेच असावे.

माझी हरकत वेगळी आहे. चरखी पाहून आपल्याला तिचा कारागीर आठवतो, तिचा मालक आठवतो, त्याची टोपी आणि त्याचा कॅम्पातला बंगलाही आठवतो. ती ज्या माशासाठी केली तो मासा आठवत नाही. पुण्याच्या बाबतीत हे विस्मरण विशेष लाजिरवाणे आहे, कारण त्या माशाचे शास्त्रीय नामकरण याच नदीतल्या नमुन्यावरून झाले.

लेफ्टनंट कर्नल विल्यम हेन्री साइक्स हे १८२४ पासून काही वर्षे मुंबई सरकारसाठी दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करीत होते. पिके, पर्जन्यमान, पक्षी, कापड यांबरोबर त्यांनी येथील मासेही नोंदवले आणि १८३९ मध्ये लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीच्या कार्यवृत्तात त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांत पुण्याच्या पूर्वेकडे मुळा-मुठेत मिळालेला एक मोठ्या खवल्यांचा मासा होता. साइक्सनी त्याला नाव दिले 'खुडरी'. आज जगभरचे प्राणिशास्त्रज्ञ दख्खनी महसीरला 'टॉर खुडरी' म्हणतात. कोळस, नुक्ता, शिंगटी, फुलंगी ही त्याच लेखातली आणखी काही नावे. साइक्सच्या रोमन स्पेलिंगमधून ती थोडी वाकडी होऊन आली असतील, पण ती लॅटिन नव्हेत. ती नदीकाठच्या माणसांच्या तोंडची आहेत.

ही नावे साहेबाला सांगितली कोणी? ज्यांनी मासे धरले, त्यांनीच सांगितली असणार. त्यांची व्यक्तिनामे त्या लेखात नाहीत. आणि त्यांची साधने जुन्या बाजारात येत नाहीत. वेळूची काठी, पिळाचा दोरा, ज्वारीच्या ताटाच्या तुकड्याची तरंगी, गांडूळ नाहीतर कणकेची गोळी: यातले काहीच टिकण्यासाठी केलेले नव्हते. नदीकाठच्या भोयांचा संसार ज्या गळावर आणि जाळ्यावर चालला, तो गळ झिजला की फेकला जाई आणि जाळे विरले की पुन्हा विणले जाई. टिकले ते हौसेचे सामान, पोटाचे टिकले नाही. म्हणून जुन्या साधनांविषयीचे स्मरणरंजन आपोआपच मालकवर्गाचे स्मरणरंजन होते. ते करणाऱ्याच्या मनात तसे नसेल, पण वस्तूच तशा उरल्या आहेत.

मात्र नावे उरली आहेत. म्हणून माझ्या मते पुण्याच्या मत्स्यसंस्कृतीचे खरे जुने साधन ती पितळी चरखी नव्हे, 'खुडरी' हा शब्द आहे. हे भाषेच्या अभिमानाने म्हणत नाही. नाव नसले की काय होते, याचे एक उदाहरण समोर आहे.

मुळशी, वळवण, खडकवासला अशा धरणांनी पश्चिम घाटाच्या पायथ्याच्या नद्या अडवल्या. महसीर पावसाळ्यात प्रवाहाविरुद्ध चढून अंडी घालतो. भिंत आडवी आली की त्याची वाट संपते. हा मासा वाचावा म्हणून लोणावळ्याला टाटांच्या जलाशयाकाठी त्याची कृत्रिम पैदास सुरू झाली. मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांचे १९७०च्या सुमाराचे काम या बाबतीत पायाभूत मानले जाते. प्रयत्न स्तुत्य होता. पण १९७०च्या दशकापासून खुडरीची पिल्ले दूरच्या कावेरीतही सोडली गेली. कावेरीत तिचा स्वतःचा एक महसीर होता, पाठीवर कुबड असलेला प्रचंड मासा. गळवाल्या साहेबांनी एकोणिसाव्या शतकापासून ज्याच्या कथा सांगितल्या, तो हाच. त्याला निश्चित शास्त्रीय नाव मात्र नव्हते. सगळे महसीर एकच, अशा समजुतीने पाहुणा मासा सोडला गेला आणि तो घरच्या माशावर भारी पडला. कुबडाचा महसीर म्हणजे 'टॉर रेमादेवी' ही जात, हे २०१८ मध्ये ठरले. तोवर तो नामशेष होण्याच्या काठावर आला होता. नाव मिळाले, आणि त्याच सुमारास अतिसंकटग्रस्त असा शिक्काही मिळाला.

तो घटत आहे हे कळले कसे? कावेरीवरच्या एका शिबिरात गळवाले आपल्या वहीत रोजचा हिशेब लिहीत: किती तास बसलो, कोणता मासा लागला, वजन किती, पुन्हा सोडला की नाही. १९९८ ते २०१२ या काळातल्या त्या नोंदी संशोधकांनी तपासल्या, तेव्हा पाहुण्याची चढती आणि घरच्याची उतरती संख्या आकड्यांत दिसली. हौशी लोकांनी हौसेने लिहिलेल्या त्या नोंदी. गरवण्याच्या साऱ्या सरंजामात मला ही वही सर्वांत मौल्यवान वाटते. जुन्या बाजारात तिला गिऱ्हाईक मिळाले नसते.

येथे साहित्याच्या विद्यार्थ्यांशी थोडे बोलावेसे वाटते. मराठी ललित गद्यात स्मरणरंजनाला कमी जागा नाही. कंदील, जाते, बंब, पाटी यांवर आपण पुष्कळ आणि कधीकधी सुंदर लिहिले. पण अशा लेखांत पुष्कळदा वस्तू असते, हळहळ असते आणि नोंद नसते. जाते कोणत्या दगडाचे, ते टाकी घेऊन टाकवत कोण असे, त्यावर किती दळण निघे, दळणारी कितीला उठे, हे लेखकाला ठाऊक नसते, किंवा सांगण्याजोगे वाटत नाही. मग वस्तू शोपीस होते, आणि विक्रेत्याने वापरलेला शब्द समीक्षेलाही लागू पडतो. भाषेचेही असेच झाले आहे. आपण कोणाला गळ घालतो, आमिष दाखवतो, कोणी आपल्या गळाला लागतो. रोज बोलतो, आणि त्या शब्दांखाली एकेकाळी पाणी होते हे विसरलेलो असतो. पाण्यावाचून तळमळणाऱ्या मासोळीची उपमा संतकाव्यातून शिकवताना देहूच्या डोहातले मासे कोणत्या जातीचे, असे एखाद्या विद्यार्थ्याने विचारले तर किती शिक्षकांना सांगता येईल? ते महसीर आहेत, भाविकांनी राखलेले. त्याच इंद्रायणीवर आळंदीला तरंगणारा पांढरा फेसही आपण वर्तमानपत्रांतल्या छायाचित्रांत पाहिला आहे.

यावर कोणी म्हणेल, हळहळीला हिशेब मागणे म्हणजे कवितेला पावती मागणे. स्मरणरंजन हा भाव आहे, त्याला अहवालाचे काम का सांगता? आक्षेप अगदीच गैर नाही. हळहळ नसती तर त्या गळवाल्यांनी वही तरी कशाला ठेवली असती? आधी ओढ, मग नोंद, हाच क्रम स्वाभाविक आहे. माझे म्हणणे एवढेच की ओढीने तिथेच थांबू नये. चरखी हातात घेतली तर दोरा कुठवर जात होता हे पाहावे. तो नदीपर्यंत जातो, नदीतून माशापर्यंत, माशावरून त्याचे नाव सांगणाऱ्या अनाम माणसापर्यंत. १९४२ मध्ये ए. जी. एल. फ्रेझर यांनी पुण्याच्या माशांची सूची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात दिली. पुढे इतरांनी ती तपासली, वाढवली, आणि काय दिसेनासे झाले तेही लिहिले. गावाविषयीचे प्रेम या याद्यांत मला अनेक हळव्या लेखांहून अधिक दिसते.

ती चरखी त्या गृहस्थांनीच घेतली. निघताना मी त्यांना 'खुडरी'ची हकीकत सांगितली. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "म्हणजे आपल्या मुठेतला? मग चरखीखाली ते नाव लिहून लावतो." लावले की नाही, मला ठाऊक नाही. लावले असेल तर त्या भिंतीवर निदान एक खरी जुनी वस्तू आहे.