वारसा पेल्यात बुडवू नका

शनिवार-रविवारच्या पुरवण्यांतून आणि पर्यटनविषयक मासिकांतून एक नवीच 'संस्कृती' गेली काही वर्षे सुशिक्षित मराठी घरांत पाझरू लागली आहे. शहरातील जुनी मद्यालये ही वास्तुकलेची आणि इतिहासाची दालने आहेत, रसिकाने ती एकेक करून पाहावीत, असा तिचा उपदेश आहे. कुलाब्याचे लिओपोल्ड कॅफे १८७१ चे, जवळच्याच माँडेगरच्या भिंतींवर मारिओ मिरांडांची चित्रे, ताजमहाल हॉटेलातील हार्बर बार १९३३ चा, अशी यादी भक्तिभावाने दिली जाते. लाकडी जिने, उंच छत, रंगीत काचा यांचे रसभरित वर्णन होते आणि शेवटी कोणत्या टेबलाशी बसून काय प्यावे, हेही सांगितले जाते. पंढरीच्या वारीत ज्यांना अंधश्रद्धा दिसते, ती मंडळी ही नवी परिक्रमा मात्र मोठ्या श्रद्धेने करतात.

चांगली इमारत पाहण्यास कोणाचीच हरकत असण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच आहे की, कमान पाहण्यासाठी पेला कशाला लागतो? मद्याच्या धंद्याकडे पैसा आहे, प्रतिष्ठा नाही. ती प्रतिष्ठा 'वारसा' या शब्दाकडून उसनी घेण्याचा हा उद्योग आहे. तो नीट समजून घ्यायचा असेल, तर मुंबई सोडून हिंगणघाटला यावे लागेल.

ज्या गावात बार नाही

वणा नदीच्या काठचे हिंगणघाट हे कापसाचे गाव. येथील लांब धाग्याच्या कापसाला परदेशच्या बाजारपेठांत गावाच्याच नावाने ओळख होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येथे कापडगिरण्या उभ्या राहिल्या आणि भोंग्याच्या तालावर गावाचा दिवस उगवू-मावळू लागला. १८०२ मध्ये मद्रासहून ज्याने हिंदुस्थानच्या महामोजणीला आरंभ केला, तो विल्यम लॅम्बटन २० जानेवारी १८२३ रोजी नागपूरच्या वाटेवर असताना याच गावी मरण पावला. त्याची कबर येथेच आहे. तो परक्या सत्तेचा चाकर होता हे खरे. परंतु एखाद्या कामाला दोन दशके वाहून घेणाऱ्या माणसाची ओळख आपल्या मुलांना असण्यात कमीपणा नाही.

एवढा इतिहास असूनही 'बार-परिक्रमे'च्या कोणत्याही यादीत हिंगणघाट येणार नाही, कारण येथे परवानाधारक बारच नाही. १९७४-७५ पासून संपूर्ण वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. ही गांधीजींच्या सेवाग्रामची आणि विनोबांच्या पवनारची भूमी. याच वर्ध्यात डिसेंबर १९३४ मध्ये गांधीजींनी संघाच्या शिबिराला भेट दिली आणि याच वर्ध्यात १९३६ च्या विजयादशमीला वंदनीय मावशी केळकर यांनी राष्ट्र सेविका समितीची स्थापना केली. विचारांच्या वाटा वेगळ्या असतील, पण संसार उभा राहायचा तर घरातली स्त्री निर्भय असली पाहिजे, याविषयी येथे कधी मतभेद नव्हता.

गिरण्यांचे काय झाले?

हिंगणघाटच्या माणसाने मुंबईच्या गिरण्यांची गत अवश्य पाहावी. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले आणि त्यांतील असंख्य संसार पुन्हा उभेच राहिले नाहीत. पुढे त्याच आवारांत मॉल आले, पब आले. जुन्या विटा आणि उंच धुराडी यांना आता 'औद्योगिक सौंदर्य' म्हणतात. ज्याने त्या छताखाली तीस वर्षे साचे चालवले, त्याचे नाव मात्र तेथे शोधून सापडत नाही. २०१७ च्या डिसेंबरअखेरीस लोअर परळच्या कमला मिलच्या आवारात, गच्चीवरील पबमध्ये लागलेल्या आगीत १४ जणांचा बळी गेला. जेथे हातांना काम मिळत होते, तेथे रात्र 'साजरी' करायला गेलेली तरुण मुले गुदमरून मेली. हा इतिहास कोणत्या रसिकाच्या टिपणात येतो?

लिओपोल्डच्या भिंतीवरील २६/११ च्या गोळ्यांच्या खुणा जपून ठेवल्या आहेत. जपाव्यात, त्यात गैर काही नाही. पण बीअरचा पेला पुढ्यात घेऊन त्या खुणांची छायाचित्रे काढणाऱ्यांपैकी कितीजण गिरगाव चौपाटीवर जाऊन हुतात्मा तुकाराम ओंबळे यांच्या स्मारकापुढे क्षणभर उभे राहतात? इतिहासाला तोंडी लावणे केले की असेच होते. चव उरते, आठवण उरत नाही.

कौटिल्याचा दाखला

येथे तथाकथित पुरोगामी विद्वान लगेच सरसावतात. प्राचीन भारतात मद्य नव्हते काय? होते, नाकारतो कोण? कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर पानागार कसे असावे, याचेही वर्णन आहे: अनेक दालने, स्वतंत्र शय्या व आसने, गंध, माला, पाणी. आजच्या बारमालकालाही हेवा वाटावा अशी ही सजावट. परंतु विद्वान मंडळी त्याच प्रकरणातील पुढचा भाग सोयीने गाळतात. कौटिल्याने हा व्यवहार सुराध्यक्षाच्या कडक ताब्यात ठेवला. मद्यामुळे नेमलेली माणसे कामात चुकतील, सज्जन मर्यादा सोडतील आणि उतावळे लोक अविचार करतील, हे भय त्याने स्पष्ट सांगितले. त्याने पानागाराला वारसा म्हटले नाही. धोका म्हणून त्यावर पहारा बसवला. आणि प्रभासक्षेत्री मद्यधुंद यादवांनी परस्परांचा संहार केला, हे महाभारताने लपवले नाही. प्रत्यक्ष श्रीकृष्णाचे कुळ ज्यातून वाचले नाही, त्यातून आपले वाचेल असे मानणाऱ्यांचे धैर्य दांडगे आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. वर्धा जिल्ह्यातील दारूबंदी कागदावरच आहे, असे म्हटले जाते. मोहाच्या हातभट्ट्या पेटतात, पोलीस सडवा ओततात, चार दिवसांनी धूर पुन्हा दिसतो. हिंगणघाटहून दक्षिणेला वर्धा नदी ओलांडली की यवतमाळ जिल्हा लागतो आणि तेथे बंदी नाही. हे सारे खरे आहे. पण चोऱ्या थांबत नाहीत म्हणून चोरीला परवाना देण्याचा सल्ला कोणी देत नाही. कायदा तोकडा पडतो, तेथे समाजाने उभे राहायचे असते. बंदी फसली असेल, तर त्या अपयशात हप्ते घेणाऱ्याइतकाच, भट्टीवाल्याला ओळखत असूनही गप्प बसणारा सभ्य शेजारीही भागीदार आहे.

शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात काय घडले, ते ताजेच आहे. दारूबंदीसाठी तेथील महिला २०१० मध्ये चिमूरहून नागपूरपर्यंत पायी चालत आल्या. १ एप्रिल २०१५ पासून बंदी लागू झाली. २७ मे २०२१ रोजी, कोरोनाने घरोघरी आकांत मांडला असताना, महाविकास आघाडीच्या मंत्रिमंडळाने ती उठवली. पुढच्याच जानेवारीत किराणा मालाच्या मोठ्या दुकानांत वाईन विकण्याचा निर्णय घेतला आणि जनक्षोभ पाहून तो गुंडाळावा लागला. मात्र टीका एकाच बाजूला करून भागणार नाही. जून २०२५ मध्ये महायुती सरकारने मद्यावरील शुल्क वाढवले, तेव्हा वर्षाला १४ हजार कोटी रुपयांच्या वाढीव महसुलाची अपेक्षा बाळगण्यात आली. राज्यघटनेचे ४७ वे कलम मद्यबंदीची दिशा दाखवते आणि अर्थसंकल्प मद्याच्या बाटलीकडे आशेने पाहतो. सरकार आपले आहे म्हणून ही विसंगती आपली होत नाही. ती आपल्या माणसांना अधिक ठणकावून विचारली पाहिजे.

पर्याय आपणच द्यायचा

केवळ निषेधाने तरुण मुले थांबत नाहीत. जुन्या वास्तूंविषयी त्यांना कुतूहल आहे, हे शुभचिन्हच आहे. आपण त्यांना काही दाखवले नाही, म्हणून बारवाल्याने दाखवले. हिंगणघाटच्या शाखांनी, सेविका समितीच्या भगिनींनी आणि शाळांनी महिन्यातील एका रविवारी मुलांना गाव दाखवावे. गिरणीच्या फाटकाशी एखाद्या निवृत्त कामगाराला बोलते करावे, वणेचा घाट दाखवावा, लॅम्बटनच्या कबरीभोवतीचे गवत काढून तेथे महामोजणीची गोष्ट सांगावी, कापसाच्या बाजारात धाग्याची लांबी हाताने मोजायला शिकवावे. याला परवाना लागत नाही. खर्च झालाच तर चहाचा.

ज्या रात्री घरचा माणूस शुद्धीवर परततो, त्या रात्री हिंगणघाटच्या कामगार वस्तीतील बाई निर्धास्त झोपते. वारसा जपायचा असेल, तर सुरुवात त्या घरापासून करावी लागेल.