चिवटपणाचे कौतुक पुरे

आपत्तीवरील चित्रपट संपला की प्रेक्षागृहातून बाहेर पडणाऱ्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास येते : माणूस किती चिवट असतो! या वाक्याशी आमचे भांडण आहे. आपल्या घरांत चिवट हा शब्द शिळ्या पोळीविषयी वापरतात. तुटत नाही म्हणून ताणत राहावे अशा वस्तूविषयी. तो आपद्ग्रस्ताला बहाल करताना आपण त्याचा गौरव करतो, की त्याला आणखी ताणण्याची मुभा घेतो?

26 जुलै 2005 चा मुंबईचा प्रलय आठवावा. आपल्यापैकी अनेकांचे कोणी ना कोणी आप्त त्या दिवशी तेथे अडकले होते. सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस कोसळला; त्या पावसात महाराष्ट्रात हजारावर माणसे दगावली. शहरातील पाणी वाहून नेणारी जुनी गटारे ताशी 25 मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली, मिठी नदीचे पात्र भरावांनी व बांधकामांनी आवळलेले, त्यात समुद्राला भरती. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने याचा सविस्तर तपास केला. चार वर्षांनी, 2009 मध्ये, कुणाल देशमुख यांचा ‘तुम मिले’ हा हिंदी चित्रपट आला. केपटाउनमध्ये एकमेकांपासून दुरावलेले प्रेमिक त्या पुरात पुन्हा एकत्र येतात, ही त्याची कथा. महापूर जणू दोघांचा रुसवा काढण्यासाठीच आला होता! मिठी कोणी आवळली, हा प्रश्न त्या पटकथेला पडत नाही. वृत्तपत्रांनी तेव्हा ‘मुंबई स्पिरिट’चे गोडवे गाइले, त्याचेच हे पडद्यावरील रूप. गुडघाभर चिखलातून दुसऱ्या दिवशी कामावर निघालेल्या माणसाला रोजंदारी बुडण्याची धास्ती असू शकते, हे गोडवे गाणाऱ्यांच्या ध्यानी आले नाही.

केरळच्या 2018 च्या महापुरावरील, जूड अँथनी जोसेफ यांचा ‘2018’ हा 2023 मधील मल्याळी चित्रपट पुष्कळच सरस. बुडालेल्यांना काढण्यासाठी होड्या घेऊन धावलेल्या कोळ्यांचे चित्रण पाहून ऊर भरून येतो, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. परंतु त्याच्या पूर्ण नावातच ‘प्रत्येक जण नायक’ असे घोषवाक्य आहे. सर्वच नायक ठरले म्हणजे उत्तरदायी कोणी उरत नाही.

याउलट ब्रिलान्ते मेंडोझा या फिलिपिनी दिग्दर्शकाचा ‘ताक्लुब’ पाहावा. 8 नोव्हेंबर 2013 रोजी हैयान हे चक्रीवादळ ताक्लोबान शहरावर आदळले. त्या देशात सहा हजारांहून अधिक लोक मेले, हजारावर बेपत्ता झाले. 2015 चा हा चित्रपट वादळ उलटून गेल्यानंतर सुरू होतो, तोही निर्वासितांच्या तंबूला रात्री लागलेल्या आगीने. वादळातून वाचलेले कुटुंब सरकारी आसऱ्यात जळते! नोरा आउनोर यांनी साकारलेली बेबेथ खानावळ चालवते आणि आपली हरवलेली मुले निनावी मृतांत तरी सापडतात का, यासाठी डीएनए तपासणीच्या खेपा घालते. पार्श्वसंगीत तिला धीर देत नाही, कोणी तिची पाठ थोपटत नाही. प्रेक्षक अवघडतो, आणि आमच्या मते तेच योग्य आहे.

कोणी म्हणेल, चित्रपट हा चौकशी अहवाल नव्हे, तो माणसाविषयीच असावा. कबूल. परंतु रांगेत उभी असलेली, कागद हरवला म्हणून परत पाठवलेली स्त्री माणूस नव्हे काय? अहवालातील मजकूर नको, तर तिची ती खेप तरी पडद्यावर येऊ द्या. मेंडोझांना जमले ते आमच्या चित्रकर्त्यांना अवघड जाते, कारण त्यांना शेवटी ऊन पडलेले दाखवायचे असते.

हे सारे दूरदेशीचे वाटत असेल, तर क्षिप्रेकाठी यावे. 5 मे 2016 रोजी, भर सिंहस्थात, वादळी पावसाने मंगलनाथ परिसरातील मंडप कोसळले आणि सात माणसे गेली. त्यानंतर चारच दिवसांनी अक्षय्य तृतीयेचे स्नान झाले, आणि श्रद्धेने वादळावर मात केली, अशी भाषा सुरू झाली. पिढ्यान्‌पिढ्या या तीर्थाशी बांधली गेलेली आपली मराठी घराणीही त्या कौतुकात सामील होती. भाविकांची निष्ठा खरीच होती, तिच्याबद्दल आम्हांस काडीचाही संशय नाही. परंतु मंडपाच्या खांबांचे दोष तिच्या पदराखाली का झाकावेत?

2028 मध्ये पुन्हा सिंहस्थ आहे. पुन्हा तंबूंची नगरे उभी राहतील, त्यांवर माहितीपट निघतील, कॅमेरे स्नानाच्या गर्दीवरून फिरतील. त्यांतील एखादा तरी, पाऊस येण्यापूर्वी, मंगलनाथाकडे वळून खांब किती हात खोल गाडला आहे आणि पाणी निघून जायला चर खणला आहे की नाही, हे टिपून घेईल काय?