पिंजऱ्याला निसर्ग म्हणू नये

काही महिन्यांपूर्वी एका लहान रुग्णाच्या वडिलांनी मला विचारले, "डॉक्टरसाहेब, मुलासाठी मार्मोसेट माकड आणावे म्हणतो. त्यापासून याला काही बाधा तर होणार नाही ना?" प्रश्न रास्त होता. मात्र त्याची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे : मुलापासून त्या जीवाला किती बाधा होईल?

ईशान्य ब्राझीलमधले हे माकड जेमतेम तीन-चारशे ग्रॅम वजनाचे. आपल्या ओठांवर उठणारे हर्पिसचे फोड आठ-दहा दिवसांत सुकतात; तोच विषाणू मार्मोसेटच्या मेंदूपर्यंत पोहोचून बहुधा त्याचा प्राण घेतो. गोवरही त्यास घातक ठरतो. लाडाने घेतलेला एक मुका इतका महाग पडू शकतो.

बंदिवासातील माकडांच्या अशा व्याधींना ग्रंथांतून 'नैसर्गिकरीत्या उद्भवणारे आजार' म्हणतात; अर्थात प्रयोगासाठी मुद्दाम न घडविलेले. हा शब्दप्रयोग मला खटकतो. मुडदुसाचेच उदाहरण घ्या. रानात हा प्राणी झाडाची साल कोरून कॅल्शियमयुक्त डिंक खातो, उन्हात वावरतो. पिंजऱ्यात त्याच्या वाट्याला येतात केळी आणि काचेआडचे ऊन. काच तर नेमके उपयुक्त अतिनील किरण अडविते. शिवाय ड-२ जीवनसत्त्व त्याला फारसे उपयोगी पडत नाही, ड-३ च लागते. मग हाडे मऊ होतात, वाकतात, मोडतात. या अवस्थेला पूर्वी 'पिंजऱ्याचा पक्षाघात' म्हणत. ते नावच अधिक प्रामाणिक होते.

आम्हा बालरोगतज्ज्ञांना हा धडा परका नाही. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मुडदुसाने ग्रासलेल्या सिंहाच्या छाव्यांना १८८९ च्या सुमारास जॉन ब्लँड-सटन यांनी कुटलेली हाडे व कॉडलिव्हर तेल देवविले आणि छावे सुधारले. बालकांच्या मुडदुसाचा उलगडा होण्यास मात्र त्यानंतर सुमारे तीस वर्षे लागली. दोष शरीरात नसून आपण दिलेल्या परिस्थितीत असतो, हे मान्य करणे आपल्याला नेहमीच जड जाते.

वन्यजीव संरक्षण कायद्यातील २०२२ च्या सुधारणेने अशा परदेशी प्राण्यांची नोंदणी आवश्यक केली. हे स्वागतार्हच, परंतु नोंदणीच्या कागदाने ऊन, डिंक आणि कळप मिळत नाही.

त्या गृहस्थांना मी स्पष्टपणे 'नको' म्हणालो. माझ्या व्यवसायबंधूंनाही विनंती आहे : लसीकरणासाठी बाळ आले की घरातील प्राण्यांचीही चौकशी करावी, आणि वेळीच 'नको' म्हणावे. तो सल्ला दोन जीवांच्या हिताचा असतो.