नरक्याचा काढा कां नको?

“सह्याद्रींत कर्करोगावरील झाड आहे, परदेशचीं औषधें त्याच्यापासूनच होतात, असें ऐकतों, मग गुरुजी, त्याच्या सालीचा काढा घरींच करून रोग्यास कां देऊं नये?” हा प्रश्न आमच्या नेवाशास मला एकाहून अधिक घरीं विचारण्यांत आला. विचारणारीं माणसें शिकलेलीं होतीं, आणि प्रत्येक घरीं कोणी तरी अंथरुणास खिळलेलें होतें. अशा वेळीं ‘डॉक्टरांस विचारा’ एवढेंच उत्तर पुरत नाहीं. कारण डॉक्टरांस सवड नसते आणि घरच्या मंडळींस धीर नसतो. म्हणून या महिन्यांत त्याचें उत्तर सविस्तर देण्याचें योजिलें आहे. विषय नवा, परिभाषा परकी, हें खरें. परंतु ज्या गांवीं शके 1212 मध्यें गीतेचा अर्थ मराठींत सांगितला गेला, तेथील रहिवाशानें शास्त्र मराठींत सांगण्याचा संकोच धरूं नये.

या झाडाचें नांव नरक्या. सातारा-कोल्हापूरकडील घाटमाथ्याच्या रानांत तें वाढतें. त्याच्या फुलांना दुर्गंध येतो. त्यावरूनच हें नांव पडलें असें सांगतात. 1972 सालीं मुंबईस गोरेगांव येथील सीबा संशोधनकेंद्रांतील डॉ. गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनीं या झाडांत कॅम्प्टोथेसिन नांवाचें द्रव्य असल्याचें प्रसिद्ध केलें. त्याचें प्रमाण किलोमागें सुमारें 1 ग्रॅम.

हें द्रव्य त्यापूर्वींच, 1966 सालीं, एका चिनी वृक्षापासून अमेरिकेंत वेगळें काढण्यांत आलें होतें. तें काढणाऱ्यांत प्रमुख दोघे : मन्रो वॉल आणि मनसुख वाणी. पैकीं वाणी हे आपल्या खानदेशांतील नंदुरबारचे. 1925 सालीं ते तेथें जन्मले, मुंबई विद्यापीठांत रसायनशास्त्र शिकले, 1962 सालीं अमेरिकेंतील इंडियाना विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून नॉर्थ कॅरोलिनांतील एका संशोधनसंस्थेंत वॉल यांचे सहकारी झाले. पुढें 1971 सालीं टॅक्सॉल हें कर्करोगावरील दुसरें प्रसिद्ध द्रव्यहि याच जोडीनें जगापुढें ठेविलें. 2020 सालीं वाणी निवर्तले.

येथवर ऐकून कोणासहि वाटेल, झाड सांपडलें, द्रव्य सांपडलें, तेव्हां औषध झालेंच. घडलें तें निराळें. कॅम्प्टोथेसिन पाण्यांत जवळजवळ विरघळत नाहीं. म्हणून त्याचा सोडियमयुक्त क्षार करून तो रोग्यांच्या शिरेंत टोंचण्यांत आला. या रूपांतरांत त्याच्या रेणूंतील एक कडें उघडतें आणि द्रव्याचें बळ जातें. पुढें मूत्राशयांतील आम्ल द्रवांत तें कडें पुन्हां मिटतें आणि सारा दाह तेथें उसळतो. रोगास फारसा उतार पडला नाहीं, उलट कित्येकांच्या लघवींतून रक्त जाऊं लागलें. 1972 च्या सुमारास हे प्रयोग थांबविण्यांत आले. द्रव्य हातीं होतें. पण तें पेशींत नेमकें कोठें लागू पडतें हें कोणास ठाऊक नव्हतें.

तें कळण्यासाठीं पेशीच्या अंतरंगांत शिरावें लागतें. आपल्या बहुतेक पेशींच्या केंद्रकांत डी. एन. ए. नांवाचा धागा असतो. त्याचे 46 तुकडे एकापुढें एक जोडले, तर लांबी सुमारें 2 मीटर भरेल. 1953 सालीं वॉटसन आणि क्रिक यांनीं, रोझालिंड फ्रँकलिन यांच्या क्ष-किरणचित्रांचा आधार घेऊन, त्याचें रूप उलगडलें : दोन पदर, एकमेकांभोंवतीं पीळ घातलेले, आणि मध्यें शिडीसारख्या पायऱ्या. दर सुमारें 10 पायऱ्यांस एक वेढा. अशा पायऱ्या एका पेशींत सुमारें 600 कोटी; म्हणजे वेढे झाले 60 कोटींच्या आसपास.

पेशी दुभंगण्यापूर्वीं या धाग्याची नक्कल व्हावी लागते, आणि नकलेसाठीं दोन्ही पदर सुटे व्हावे लागतात. यांतील अडचण घरांत पाहतां येईल. दोन पदरी सुतळी घ्या. तिचें एक टोंक मुलाच्या मुठींत घट्ट द्या आणि दुसऱ्या टोंकाकडून दोन पदर ओढून वेगळे करूं लागा. थोडे वेढे सुटतील, पण पुढचा पीळ घट्ट होत जाईल. शेवटीं सुतळी स्वतःभोंवतीं आढी घालून बसेल. जानव्याच्या सुतास पीळ देणाऱ्यांस किंवा वाती वळणाऱ्या आमच्या भगिनींस हें सांगावयास नको.

मग 60 कोटी वेढ्यांचा धागा पेशी सोडविते कसा? त्यासाठीं तिच्यापाशीं टोपोआयसोमरेज नांवाचें विकर आहे. या जातीचें पहिलें विकर जेम्स वँग यांनीं 1971 सालीं जंतूंत शोधून काढलें. तें दोहोंपैकीं एक पदर कापतें, कापलेलें टोंक स्वतःशीं धरून ठेवतें, पीळ मोकळा होऊं देतें आणि टोंक पुन्हां सांधून निघून जातें. एखाद्या कुशल विणकरानें धागा तोडावा, आढी सोडवावी आणि गांठ न दिसतां जोडावा, तसें हें काम अहोरात्र चाललेलें असतें.

1985 सालीं लेरॉय ल्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखवून दिलें, कीं कॅम्प्टोथेसिन नेमकें येथेंच आड येतें. पदर कापला गेला, कीं तें त्या कापाच्या फटींत पाचरीसारखें बसतें; विकरास पदर सांधतां येत नाहीं. नक्कल करणारी यंत्रणा धांवत येऊन त्या अडकलेल्या जागीं आदळते, आणि एका पदराचा काप दोन्ही पदरांची तूट होऊन बसतो. पेशी मरते. ज्या पेशी वारंवार दुभंगतात त्यांवर हा घाव अधिक बसतो, आणि कर्करोगाच्या पेशींचा स्वभाव तोच आहे.

मर्मस्थान कळतांच टाकलेल्या द्रव्याकडे रसायनशास्त्रज्ञ पुन्हां वळले. तें कडें मिटलेलें राहिलें पाहिजे, हेंहि आतां स्पष्ट होतें. कडें न उघडतां पाण्यांत विरघळतील अशीं रूपें त्यांनीं घडविलीं. त्यांपैकीं टोपोटेकन आणि इरिनोटेकन यांस 1996 सालीं अमेरिकेंत मान्यता मिळाली. पहिलें बीजकोशाच्या आणि दुसरें मोठ्या आंतड्याच्या कर्करोगासाठीं. आज हीं औषधें आपल्या देशांतील रुग्णालयांतहि दिलीं जातात.

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. काढ्यांत द्रव्य किती उतरलें हें घरीं मोजतां येत नाहीं. मूळ द्रव्य पाण्यांत विरघळतच नाहीं म्हटलें तरी चालेल. आणि जें थोडें पोटांत जाईल तें कर्करोगाची पेशी आणि आंतड्याच्या अस्तराची पेशी असा भेद करणार नाहीं. रुग्णालयांत हेंच औषध मिलिग्रॅमांत मोजून, रक्त तपासून, मध्यें विसावा देऊन देतात. तरीहि केंस गळतात, जुलाब होतात, रक्तांतील पांढऱ्या पेशी घटतात. कारण केंसांचीं मुळें, आंतड्याचें अस्तर आणि हाडांतील मज्जा येथील पेशीहि सतत दुभंगत असतात. म्हणून सुनेचे किंवा वडिलांचे केंस गळूं लागले, कीं ‘औषध बाधलें, आतां बंद करा’ असा निर्णय घरांतील वडीलधाऱ्यांनीं परस्पर घेऊं नये. कित्येकांचे केंस उपचार संपल्यावर पुन्हां येतात. अर्धवट सोडलेला उपचार मात्र रोगास मोकळीक देतो. ताप आला किंवा जुलाब आवरेनासे झाले, तर त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें.

आणखी एक. परदेशची मागणी वाढल्यापासून सह्याद्रींत नरक्याची चोरटी तोड फार झाली. वनखात्यानें पकडलेल्या लांकडाच्या वार्ता वर्तमानपत्रांत येतच असतात. या औषधांचें मूळ द्रव्य अजूनहि मुख्यतः झाडांपासून काढलें जातें. काढ्यासाठीं कोणी नरक्याची साल विकावयास आणली, तर ती घेऊं नये. त्या पुडीनें घरच्या रोग्यास गुण यावयाचा नाहीं, आणि ज्या झाडापासून दुसऱ्या रोग्याचें औषध व्हावयाचें तें मात्र रानांतून जाईल.