डाग, भय आणि हिशेब

रोगाचे निदान जितके लवकर तितके बरे, हे आता सर्वमान्य झाले आहे. परंतु सीटी स्कॅनने फुप्फुसात दाखविलेला प्रत्येक डाग कर्करोगाचाच असतो काय, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही.

अमेरिकेत दीर्घकाळ धूम्रपान केलेल्या 53 हजारांहून अधिक स्त्री-पुरुषांवर झालेल्या राष्ट्रीय चाचणीचे निष्कर्ष 2011 मध्ये प्रसिद्ध झाले. साध्या क्ष-किरण तपासणीच्या तुलनेत स्कॅनमुळे फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू 20 टक्क्यांनी घटले. हे यश थोडे नव्हे. परंतु दर हजार स्कॅनमागे सुमारे 242 संशयास्पद ठरले आणि त्यांपैकी सुमारे 233 बाबतींत कर्करोग नव्हताच! रोग विरळ असला की चांगल्या चाचणीतूनही खऱ्यापेक्षा खोटे इशारेच अधिक निघतात. आपल्याकडे तर क्षयाची भर. बरा झालेला क्षयही फुप्फुसावर व्रण ठेवून जातो.

शिरूर कासार तालुक्यातील एखादा ऊसतोड कामगार घ्या. मुकादमाची उचल घेऊन नवराबायकोचा कोयता कारखान्याकडे निघण्याच्या बेतात आहे आणि तेवढ्यात अहवालात ‘गाठ’ हा शब्द येतो. मग बीड, छत्रपती संभाजीनगर, प्रसंगी मुंबई अशा खेपा. सुईने तुकडा काढताना होणारी इजा. बुडालेला हंगाम आणि अंगावर राहिलेली उचल. तपासणीच्या पावतीवर यातला एक पैसाही लिहिलेला नसतो. याच जिल्ह्यात कर्करोगाची भीती घालून ऊसतोड स्त्रियांची गर्भाशये काढल्याच्या तक्रारींनी 2019 मध्ये राज्य हादरले होते. भयाचाही बाजार भरतो, हे आपण विसरता कामा नये.

मग तपासणीच नको काय? असे म्हणणे आत्मघातकीपणाचे ठरेल. खोकल्यातून रक्त पडत असेल, वजन घटत असेल, त्याने विनाविलंब दवाखाना गाठावा. वर्षानुवर्षे बिडी ओढलेल्याने डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा. परंतु कोणतेही लक्षण नसलेल्या, कधीही धूम्रपान न केलेल्या माणसाने सवलतीच्या जाहिरातीला भुलून छातीचा स्कॅन काढून घेणे शहाणपणाचे नाही. डाग लहान असल्यास जुन्या फिल्मशी तुलना, थुंकीची तपासणी आणि काही महिन्यांनी पुन्हा स्कॅन, एवढे पुष्कळदा पुरते.

डाग किती मिलिमीटरचा, तो कर्करोगाचा असण्याचा संभव किती आणि पुढे काय करावयाचे, हे रुग्णाला मराठीत लिहून मिळणे हा त्याचा हक्क मानला पाहिजे. निदानाची घाई डॉक्टरांनी जरूर करावी; निकालाची घाई मात्र कोणीच करू नये.