वैशाखातलं बाळंतपण आणि बाळाची खोली

लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची ठरली, की आईचं अर्धं लक्ष डिंकाच्या लाडवांकडे आणि अर्धं ट्रंकेकडे असतं. बाळंतविडा बाहेर निघतो, जुन्या सुती पातळांची दुपटी होतात. खोलीचा विचार मात्र सगळ्यांत शेवटी! ‘मधली खोली आहे की, दारं-खिडक्या लावून घेतल्या म्हणजे झालं,’ असं म्हणून आपण मोकळ्या होतो. पण आपल्या जळगाव-धुळ्याकडे, आणि त्यातून दिवस वैशाखात भरत असतील, तर खोलीचा विचार सर्वांत आधी करायला हवा, बरं का!

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४३-४४ अंशांवर सहज जातो. आपल्या आज्या बाळंतिणीला बंद खोलीत ठेवत, बाजेखाली शेगडी ठेवत. त्यांची घरं होती धाब्याची, जाड मातीच्या भिंतींची. भर दुपारीही आत गारवा असे. आपण राहतो स्लॅबखाली नाही तर पत्र्याखाली. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री खोलीत उष्णता सोडत राहतो. तिथे शेगडी पेटवून खिडक्या लावल्या, तर त्या खोलीची भट्टी होईल की नाही?

खोली कोणती निवडाल? पश्चिमेची भिंत दुपारभर तापते, म्हणून ती खोली टाळा. स्वयंपाकघराला लागून असेल तर धूर आणि फोडणीचा खाट आत येणार नाही असं बघा. दोन बाजूंना खिडक्या असल्या तर उत्तमच. गच्चीवर किंवा पत्र्यावर पांढऱ्या चुन्याचा जाड हात दिला, तर खोली बरीच कमी तापते. हे काम लेक यायच्या महिनाभर आधी उरकून घ्या. भिंतींचा जुना ऑइलपेंट मात्र गर्भार बाईच्या देखत खरवडू नका. जुन्या रंगांत शिसं असे आणि त्याची धूळ आई-बाळाला घातक असते. घरगुती रंगांतल्या शिशावर आपल्याकडे कडक मर्यादा आली ती २०१७ सालापासून.

कूलर लावावा का? जरूर लावावा. फक्त वाऱ्याचा झोत बाळाच्या अंगावर थेट नको. समोरची खिडकी थोडी उघडी ठेवा. आतली हवा बाहेर गेली नाही, तर खोली नुसती दमट होते. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करा आणि घासून कोरडी करा. डेंग्यूचा डास स्वच्छ पाण्यातच वाढतो. वीज गेली तर वाळ्याचे ओले पडदे आणि हातपंखा आहेच. दिवसाही मच्छरदाणी हवी, कारण हा डास दिवसा चावतो.

कपडे किती घालावेत? नवजात बाळाला आपल्यासारखा घाम गाळून अंग थंड करता येत नाही. उन्हाळ्यात एक सुती झबलं आणि लंगोट पुरे. टोपडं, कुंची, वर गोधडी असं सगळं एकदम नको. बाळाचे हातपाय जरा गार लागले म्हणून घाबरू नका. छातीला आणि मानेमागे हात लावून पाहा. तिथे अंग तापलेलं लागलं, तर कपडे कमी करा. काखेतलं तापमान साडेछत्तीस ते साडेसदतीस अंश सेल्सिअस असावं. साधा थर्मामीटर बाळंतविड्याबरोबरच आणून ठेवा. हिवाळ्यात बाळ झालं, तर गोष्ट उलटी. पौषातल्या थंडीत टोपडं-मोजे हवेतच. बाळ कमी वजनाचं असेल तर त्याला आईच्या उघड्या छातीशी धरणं ही सर्वांत चांगली ऊब. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८ साली डॉक्टरांनी ही रीत सुरू केली आणि आज आपल्या सरकारी रुग्णालयांतही ती शिकवतात.

आता एक फार महत्त्वाचं. ट्रंकेत डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेले कपडे बाळाला तसेच घालू नका. काही बाळांच्या रक्तात जन्मतःच एक दोष असतो. अशा बाळाला त्या वासाच्या कपड्यांमुळे जोराची कावीळ होऊ शकते. आपल्या बाळात तो दोष आहे की नाही, हे आपल्याला कुठे ठाऊक असतं? म्हणून ट्रंकेत गोळ्याच ठेवू नका, आणि कपडे दोन-तीनदा धुऊन कडक उन्हात वाळवा.

शेगडी आणि धुरी. बंद खोलीत कोळसा जळला की कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. झोपेतच माणूस गुंगतो. कंबर शेकायची तर गरम पाण्याची पिशवी आहे. ओवा-वावडिंगाची धुरीही बाळाच्या कोवळ्या फुप्फुसांना नकोच.

बाळ झोपेल कुठे? हल्ली मासिकांतून बाळाच्या वेगळ्या, रंगीत खोलीची चित्रं येतात. ती नसली म्हणून मुळीच खंत करू नका! पहिले सहा महिने बाळानं आईच्याच खोलीत, पण स्वतःच्या वेगळ्या अंथरुणावर झोपावं, असं अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञही सांगतात. अंथरूण घट्ट असावं, उशी नको, आणि बाळाला पाठीवरच निजवावं. १९९४ साली अमेरिकेत याचा मोठा प्रचार झाला आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण पुढे जवळजवळ निम्म्यावर आलं. पातळाच्या झोळीत बाळाची हनुवटी छातीला टेकते आणि श्वास अडू शकतो. म्हणून झोळीत रात्रभर झोपवू नका. पाळणा असेल तर त्याचे हूक आणि कड्या आधी जड ओझं टांगून पारखून घ्या.

पाण्याचं काय? ‘एवढ्या उन्हाळ्यात चमचाभर पाणी तरी द्या,’ असं कुणीतरी म्हणणारच. सहा महिने पाण्याचा थेंबही लागत नाही. आईच्या दुधात सुमारे ८८ टक्के पाणीच असतं. तहान लागते ती आईला. तिच्या उशाशी पाण्याचा तांब्या भरलेला ठेवा आणि बाळाला वरचेवर पाजू द्या. पहिल्या आठवड्यानंतर दिवसातून सहा वेळा तरी लंगोट ओला झाला पाहिजे. कमी झाला, बाळ पिईना, मलूल पडलं, अंग तापलं किंवा तळहात-तळपाय पिवळे दिसले, तर घरगुती उपाय करत बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. १०२ आणि १०८ हे गाडीचे नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. बाळंतपण दवाखान्यात झालं, तर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. त्यांना दारातूनच परत न पाठवता खोलीत घेऊन जा आणि मनातलं सगळं विचारा.

आणि शेवटचं, घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी. त्या खोलीत चोवीस तास राहणार आहे ती बाळंतीण. ती दबक्या आवाजात ‘आई, जीव गुदमरतोय’ म्हणाली, तर ‘आम्ही नाही का काढले दिवस?’ असं म्हणू नका. उठा आणि खिडकी उघडा. जे तिला सोसवत नाही, ते बाळाला कुठून सोसवणार? बाळाला ते बोलून दाखवता येत नाही, एवढंच.