तुमचा जिल्हा कोणता?

परवा रविवारी सकाळी नातीनं मला खिडकीपाशी बोलावलं. म्हणाली, "आबा, खाली मुलं भांडतायत."

आम्ही मारुंजीत नवव्या मजल्यावर राहतो. सोसायटीच्या भिंतीपलीकडे थोडी मोकळी जमीन अजून शिल्लक आहे. तिथं पंधरा-वीस मुलं एकमेकांच्या अंगावर पडत होती. भांडत नव्हती, कबड्डी खेळत होती. नात नऊ वर्षांची. तिनं कबड्डी पाहिली आहे ती टीव्हीवर, दिव्यांच्या झगमगाटात, रंगीत मॅटवरची. मातीवर फक्कीच्या रेघा ओढून अनवाणी खेळतात तीही कबड्डीच, हे तिला पटेना. "पण यांचे बूट कुठायत?" असं ती दोनदा विचारून गेली.

तिला उत्तर देता देता मला आमचा एक रोखपाल आठवला.

१९८८ च्या सुमाराची गोष्ट. मी तेव्हा बँकेत नवा अधिकारी होतो आणि एका तालुक्याच्या गावी माझी नेमणूक झाली होती. शाखेतला रोखपाल जिल्ह्याच्या कबड्डी संघातून खेळायचा. राज्य अजिंक्यपद स्पर्धा जवळ आली की तो रजेचा अर्ज घेऊन टेबलासमोर उभा राहायचा. एका वर्षी वरच्या कार्यालयातून उत्तर आलं की, स्पर्धा राष्ट्रीय नाही, सबब ही रजा कामावरची धरता येणार नाही. गडी काही बोलला नाही. स्वतःची हक्काची रजा टाकून गेला आणि आठवड्यानं उजव्या हाताची दोन बोटं पट्टीत बांधून परत आला. मग महिनाभर तो डाव्या हातानं नोटा मोजत होता. आठवडी बाजाराच्या दिवशी रांग दारापर्यंत गेली आणि शेतकरी कुरकुरू लागले. तेवढ्यात कोणीतरी एका म्हाताऱ्याच्या कानात सांगितलं, "अहो, तो आपल्या जिल्ह्याकडून खेळून आलाय." म्हातारा मागं वळून रांगेला म्हणाला, "मग मोजू द्या की सावकाश!"

रांग गप्प झाली. 'आपल्या जिल्ह्याकडून' या दोन शब्दांत एवढं वजन असतं, हे मला त्या दिवशी कळलं.

एरवी जिल्हा म्हणजे आपल्याला काय असतो? कलेक्टर कचेरी, सातबाराच्या कोपऱ्यातलं एक नाव, गाडीच्या पाटीवरचा आकडा. इंग्रजांनी महसुलाच्या सोयीसाठी आखलेल्या या सीमा. तिच्यावर कोणी पोवाडे रचत नाही. पण संध्याकाळी सामना सुरू होतो, एका बाजूला सांगली आणि दुसऱ्या बाजूला रत्नागिरी उभी राहते, आणि कालपर्यंत कागदावर असलेल्या जिल्ह्याला सात चेहरे फुटतात.

ही उतरंड मोठी सुंदर आहे. गावातलं मंडळ, मंडळांमधून निवड चाचणी, तीतून जिल्ह्याचा संघ, जिल्ह्यांच्या झुंजीतून राज्याचा संघ, आणि शेवटी राष्ट्रीय स्पर्धा. १९५२ साली मद्रासला पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, पण खेळाला शिस्त लावण्याचं काम मराठी मुलखात त्याच्या कितीतरी आधी सुरू झालं होतं. हुतुतूला नियमांत बसवण्याचे प्रयत्न साताऱ्यात १९१८ च्या सुमारास झाले. १९२३ साली बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्यानं अखिल भारतीय सामने भरवले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानं या खेळाची प्रात्यक्षिकं जर्मनांना दाखवली. पुढं शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांनी आयुष्य वेचून संघटना गावोगाव नेली. त्यांचा वाढदिवस, १५ जुलै, आजही महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून साजरा होतो. १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत कबड्डीला स्थान मिळालं आणि भारतानं सुवर्णपदक घेतलं. तिथवरचा रस्ता याच जिल्ह्या-जिल्ह्यांच्या सामन्यांतून गेलेला आहे.

आता या रस्त्यावर छप्पर आलं आहे. राज्य स्पर्धा आजही पुष्कळदा मैदानात मंडप घालून, प्रेक्षागृह उभारून होते. पण मंडपाखाली माती नसते, मॅट असते. राष्ट्रीय सामने तर मोठ्या बंदिस्त सभागृहांत खेळले जाऊ लागले. जानेवारी २०१८ मध्ये रिशांक देवाडिगाच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्रानं सेनादलाला ३४-२९ असं हरवून अकरा वर्षांनी राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, ते हैदराबादच्या गचीबावलीतल्या अशाच सभागृहात.

माती गेली म्हणून उसासे टाकणाऱ्यांतला मी नाही. मातीत गुडघे सोलवटत, पावसानं सामने वाहून जात आणि एका टोकाचं मैदान दुसऱ्या टोकापेक्षा मऊ असे. मॅटवर सगळ्यांना सारखी जमीन मिळते. पण खेळ बदलला, हे खरं. मातीत पाय रोवून दम घुमवणारा खेळाडू आता बुटांवर झर्रकन वळतो. पूर्वी एकेका चढाईत गावभर श्वास रोखला जाई. आता तीस सेकंदांचं घड्याळ चालू असतं आणि दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. बोनस रेषा आली, तिघांत किंवा त्याहून कमी गड्यांत पकड केली तर एक गुण जास्त मिळू लागला. हरत आलेल्या संघाला शेवटच्या मिनिटापर्यंत आशा राहिली. हा बदल मला आवडतो.

अडचण वेगळीच आहे. माती फुकट होती, मॅट फुकट नाही. ज्या मुलानं सराव मातीवर केला त्याला निवड चाचणीत एकदम मॅटवर उभं केलं, तर पाय सरकतो नाहीतर अडकतो. गुडघा दुखावला की बाराव्या इयत्तेतल्या मुलाचं खेळाडू म्हणून आयुष्य तिथंच संपू शकतं. तेव्हा मॅट कोणाच्या तालुक्यात आहे आणि कोणाच्या नाही, यावर संघात कोण असणार हे आधीच ठरू लागतं. जिल्ह्याचा संघ म्हणायचा, आणि तो मॅट असलेल्या दोन-चार मंडळांचा व्हायचा. मग म्हाताऱ्यानं रांगेला कोणत्या तोंडानं सांगावं, की मोजू द्या सावकाश?

२०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि सगळीकडे पैशाचं वारं आलं. त्याबद्दलही माझी तक्रार नाही. आमच्या रोखपालाच्या पिढीला रेल्वे, पोलीस किंवा बँक एवढंच बक्षीस होतं. २०२३ च्या लिलावात पवन सेहरावतला दोन कोटी साठ लाखांहून अधिक बोली लागली. १ मार्च २०२४ ला पुणेरी पलटणनं हरियाणा स्टीलर्सवर २८-२५ अशी मात करून पहिलं विजेतेपद घेतलं, तेव्हा कर्णधार होता अस्लम इनामदार, तेव्हाच्या अहमदनगर म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला. आदल्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत तो आणि नाशिकचा आकाश शिंदे सुवर्णपदक विजेत्या भारतीय संघात होते. पलटणचे सामने इथून पाच-सात किलोमीटरवर, बालेवाडीला, १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेल्या शिवछत्रपती क्रीडा संकुलात रंगलेले आपण पाहिले आहेत.

पण लीगला जिल्हा लागत नाही, तिला शहराचं नाव पुरतं. गडी कुठलाही असो, बोली लागली की तो आपला. आणि मुलींना तर तेही नाही. २०१६ मध्ये महिलांची लीग एकदाच झाली आणि थांबली. त्याच महाराष्ट्राच्या अभिलाषा म्हात्रेनं २०१५ चा अर्जुन पुरस्कार मिळवलेला आहे, याच पुण्याच्या शकुंतला खटावकरांनी एके काळी मैदानं गाजवली आहेत. आजही गावाकडच्या मुलीला वर जायला जिल्ह्याचा संघ हीच शिडी आहे. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. एखाद्या शेतमजुराच्या मुलीसाठी 'जिल्ह्याकडून खेळली' या ओळीत आख्खं घर उभं करण्याची ताकद असते. म्हणून तर तिच्या खोट्या प्रमाणपत्रांचाही बाजार भरतो.

आता प्रश्न असा, की 'आपला' म्हणजे कोण?

इंग्लंडात क्रिकेटचे संघ परगण्यांचे. त्यात यॉर्कशायरवाले भलतेच कडवे. यॉर्कशायरच्या भूमीत जन्मलेलाच त्यांच्याकडून खेळणार, असा त्यांचा पिढ्यानपिढ्यांचा बाणा. संघ वर्षानुवर्षं मागं पडत गेला, तेव्हा १९९२ साली त्यांनी तो सोडला आणि बाहेरून आणलेला पहिला खेळाडू कोण, तर आपला एकोणीस वर्षांचा सचिन तेंडुलकर! वांद्र्याच्या मुलाला डोक्यावर घेताना यॉर्कशायरचं काही उणं झालं नाही. पण तेंडुलकरला घेतलं म्हणून त्यांनी आपल्या खेड्यांतली क्लबं बंद केली नाहीत, हेही ध्यानात घेतलं पाहिजे.

मला हा प्रश्न घरचा वाटतो. माझा जन्म साताऱ्याचा. बँकेनं दर तीन-चार वर्षांनी बदली केली: जळगाव, लातूर, रत्नागिरी, पुन्हा लातूर. निवृत्त झालो आणि मुलाच्या नोकरीपायी मारुंजीत आलो. हिंजवडीच्या संगणक कंपन्यांनी इथं सगळा महाराष्ट्र आणि अर्धा देश आणून ठेवला आहे. आमच्या लिफ्टमध्ये नांदेड, अकोला, बेळगाव आणि पाटणा एकत्र वर जातात. आमच्यापैकी किती जणांना ठाऊक आहे, की मारुंजी मुळशी तालुक्यात येते? भाताच्या खाचरांवर आमचे मजले चढले आणि गावातल्या मुलांची खेळायची जागा रुंदीनं कमी होत गेली. सोसायटीत मात्र बॅडमिंटनचं बंदिस्त कोर्ट आहे. संध्याकाळचे दोन तास सोडले तर ते कुलपात असतं. सभेत मी सुचवलं की, सकाळी मॅट अंथरून गावातल्या आणि सोसायटीतल्या मुलांना तिथं एकत्र खेळू द्यावं. सुरक्षेचा प्रश्न निघाला, फरशीचा निघाला आणि विषय पुढच्या सभेवर गेला. अजून तो तिथंच आहे.

मला वाटतं, मागणी फार मोठी नाही. बालेवाडीसारखं संकुल प्रत्येक तालुक्याला मिळणार नाही, हे मलाही कळतं. पण जिल्हा परिषदेच्या एखाद्या शाळेवर पत्र्याची उंच शेड, तेरा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद मैदान मावेल आणि भोवती थोडी मोकळी जागा राहील एवढी, आणि एक संच मॅट, एवढं तालुक्याला एक तरी असावं. आसपासच्या कंपन्यांना सामाजिक कामावर खर्च करायचाच असतो. मोठ्या गृहप्रकल्पांनी आपल्या सभागृहाचे सकाळचे दोन तास गावाला दिले, तर त्यांच्या फरशीला काही होणार नाही. आणि निवड चाचणी मॅटवर घ्यायची असेल, तर त्याआधी महिनाभर सगळ्या मंडळांना त्याच मॅटवर सराव मिळालाच पाहिजे. नाहीतर ती चाचणी खेळाची होत नाही, सोयीची होते.

गेल्या हिवाळ्यात आमच्या जुन्या रोखपालाचा फोन आला. तोही आता निवृत्त झाला आहे आणि गुडघ्यांना पट्टे बांधून मुलींना शिकवतो. जवळच्या एका गावात सामने होते. "साहेब, याच," म्हणाला. नातीला घेऊन गेलो. मुलींचा सामना चालू होता. एका संघात फक्त तीन जणी उरल्या होत्या. समोरची चढाईपटू उंचीपुरी, निदान रेषा ओलांडून बिनधास्त आत घुसली. कोपऱ्यातल्या किडकिडीत पोरीनं खाली वाकून तिचा घोटा धरला, बाकीच्या दोघींनी झेप घेतली आणि पंचाची शिट्टी वाजली. अव्वल पकड! आम्ही सगळे उभे राहिलो.

खाली बसल्यावर रोखपालानं हसत विचारलं, "साहेब, तुम्ही टाळ्या वाजवल्यात कुणासाठी? तुमचा जिल्हा कोणता?"

मी गडबडलो. सातारा म्हणावं, तर साताऱ्याच्या घराला कुलूप लागून वीस वर्षं झाली. नात मात्र त्या किडकिडीत पोरीकडं बोट दाखवून म्हणाली, "आमचा तिचा!"

घरी येताना तिनं विचारलं, की भिंतीपलीकडच्या मुलांत मुलगी खेळली तर चालतं का. मी चालतं म्हटलं. पण भिंतीला त्या बाजूनं दार नाही, मोठ्या फाटकातून बाहेर पडून वळसा घालून जावं लागतं. पुढच्या रविवारी आम्ही दोघं तो वळसा घालणार आहोत. आणि सभेत तो विषय मी पुन्हा मांडणार आहे.